स्पेअर पार्टचा जास्तीचा साठा कमी करताना : पावणे एमआयडीसीतील दीड वर्षाचा अनुभव

नवी मुंबईतील पावणे औद्योगिक क्षेत्रात रासायनिक इंटरमीडिएट तयार करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी देखभाल नियोजनाचे काम पाहते. पंप, ॲजिटेटरचे गिअरबॉक्स, सेंट्रिफ्यूज, एअर कॉम्प्रेसर, चिलर, कूलिंग टॉवर अशी या परिसरातल्या कोणत्याही केमिकल प्लांटमध्ये दिसणारीच यंत्रे आमच्याकडे आहेत. ३१ मार्च २०२४ च्या वर्षअखेरीच्या मोजणीनंतर लेखापरीक्षकांनी एक यादी पुढे ठेवली. स्टोअरमध्ये सुमारे पावणेतीन कोटी रुपयांचे स्पेअर होते आणि त्यांपैकी एक कोटीहून अधिक किमतीचा माल तीन वर्षांत एकदाही बाहेर पडलेला नव्हता. व्यवस्थापनाने हा साठा कमी करण्याची जबाबदारी देखभाल, स्टोअर आणि लेखा या तीन विभागांवर मिळून सोपवली आणि समन्वयाचे काम माझ्याकडे आले.

सुरुवातीला मी बरेच वाचले. एबीसी (वापराच्या मूल्यानुसार), एफएसएन (हालचालीच्या वेगानुसार), व्हीईडी (गरजेच्या निकडीनुसार) या वर्गीकरणांवर भरपूर साहित्य मिळते. वर्गीकरण झाल्यावर समोर पडलेल्या ढिगाचे काय करायचे, कोणत्या कागदावर कोणाची सही लागते, कर कुठे भरावा लागतो आणि या सगळ्याला किती काळ जातो, याविषयी मात्र फारच थोडे सापडले. ज्यांच्यावर हेच काम येऊन पडले आहे त्यांना निदान पुढच्या वळणांचा अंदाज यावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

एप्रिल आणि मे हे दोन महिने आकडेवारीत गेले. ईआरपीमधून, म्हणजे कारखान्याच्या संगणकीय नोंदप्रणालीतून, सगळ्या मटेरियल कोडची यादी काढली तेव्हा साधारण पाच हजार ओळी आल्या. पहिलीच अडचण ‘शेवटची हालचाल’ या रकान्यात निघाली. एखादी वस्तू एका रॅकवरून दुसऱ्या रॅकवर हलवली किंवा मोजणीनंतर तिचा आकडा दुरुस्त केला, तरी आमची प्रणाली त्याला हालचालच मानत होती. त्यामुळे दहा वर्षे कोणी हात न लावलेला कपलिंगचा जोड कागदोपत्री चांगला ताजा दिसत होता. केवळ वर्क ऑर्डरवर दिलेल्या मालाच्या नोंदी धरून यादी पुन्हा काढली, तेव्हा न हललेल्या मालाचा आकडा लेखापरीक्षकांच्या यादीपेक्षाही वर गेला. हे काम हाती घेणाऱ्यांनी सर्वांत आधी आपल्या प्रणालीत हालचालीचे कोणकोणते प्रकार नोंदले जातात हे आयटी विभागाकडून लेखी मागून घ्यावे, कारण पुढचे सगळे निर्णय याच एका रकान्यावर उभे राहतात.

हा साठा झाला कसा, याचाही शोध याच काळात घेतला, आणि मला वाटते की या शोधावर घालवलेला वेळ सर्वांत सत्कारणी लागला. काही माल यंत्रांबरोबर आला होता. नवे यंत्र घेताना पुरवठादार ‘दोन वर्षांचे स्पेअर’ म्हणून यादी जोडतो, प्रकल्पाच्या खर्चात ती सहज मंजूर होते आणि त्यातल्या निम्म्याअधिक वस्तूंची पुढे कधी गरजच पडत नाही. काही माल यंत्रे गेल्यावर मागे उरला होता. कारखान्याने २०१७ मध्ये जुना रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसर काढून स्क्रू कॉम्प्रेसर बसवला, पण जुन्याचे पिस्टन रिंग, व्हॉल्व्ह प्लेट आणि गॅस्केटचे संच स्टोअरमध्ये तसेच होते, कारण यंत्र मोडीत काढण्याच्या अर्जात त्याच्या स्पेअरचा उल्लेख करण्याची पद्धतच नव्हती. शटडाऊनसाठी, म्हणजे दुरुस्तीकरता प्लांट ठरवून बंद ठेवतात त्या काळासाठी, मागवलेला आणि न वापरलेला माल हा तिसरा मोठा वाटा. उरलेले सगळे भीतीपोटी घेतलेले. एकदा एखाद्या ब्रेकडाउनमध्ये एखादी वस्तू मिळाली नाही, उत्पादन थांबले, बैठकीत चार शब्द ऐकावे लागले, की पुढच्या इंडेंटमध्ये (खरेदीच्या मागणीपत्रात) त्याच वस्तूपुढे एकाऐवजी पाचाचा आकडा येतो. तो आकडा लिहिणाऱ्याला दोष देता येत नाही; माल कमी पडल्यास त्याला जाब द्यावा लागतो आणि जास्त झाल्यास कोणीच काही विचारत नाही.

जूनमध्ये प्रत्यक्ष मोजणी सुरू केली. आमची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते, म्हणून तो दिवस मोजणीसाठी धरला आणि स्टोअरचे दोन कर्मचारी, एक फिटर आणि लेखा विभागातली एक व्यक्ती असा गट केला. गटात फिटर असलाच पाहिजे असा माझा आग्रह होता आणि तो योग्य ठरला. ‘शाफ्ट स्लीव्ह, एसएस ३१६’ एवढ्या वर्णनावरून स्टोअरकीपरला ती कोणत्या पंपाची हे कळत नाही, फिटर मात्र ती हातात घेताच पंपाचा नंबर सांगतो. पावसाळ्याचे दिवस, खाडीकडून येणारी दमट हवा आणि त्यात आसपासच्या प्लांटांमधली आम्लयुक्त वाफ, यामुळे कितीतरी वस्तूंवर गंज चढलेला होता. माल बघतानाच प्रत्येक वस्तूची अवस्था ‘वापरण्याजोगी’, ‘तपासून घ्यावी’ आणि ‘निकामी’ अशी नोंदवत गेलो, हे फार बरे झाले, नाहीतर पुढे सगळे पुन्हा उघडावे लागले असते.

खरी मोजणी स्टोअरच्या बाहेर होती. वर्कशॉपमधली लोखंडी कपाटे, पंप हाऊसमागची पेटी, इलेक्ट्रिकल सबस्टेशनमधले खण यांत असलेला माल कागदोपत्री कधीच खर्ची पडलेला होता. तो बाहेर यावा म्हणून देखभाल प्रमुखांच्या सहीने एक परिपत्रक काढले : जुलैअखेरपर्यंत जो माल परत येईल त्याबद्दल कोणालाही जाब विचारला जाणार नाही, आणि परत आलेला माल त्या विभागाच्या नावाने शून्य किमतीवर स्टोअरमध्ये ठेवला जाईल. पहिले दोन आठवडे काहीच आले नाही. मग आमचे एक ज्येष्ठ फिटर, ज्यांना सगळा कारखाना मामा म्हणतो, त्यांनी आपले कपाट उघडून दाखवले.

त्या कपाटात जी शिस्त होती ती आमच्या स्टोअरमध्ये नव्हती. प्रत्येक बेअरिंग मूळ वेष्टनात, वेष्टन फाटले असेल तर तेलकट कागदात गुंडाळून आडवे ठेवलेले. मेकॅनिकल सीलच्या (पंपाच्या फिरत्या शाफ्टपाशी गळती रोखणारा भाग) घासणाऱ्या दोन्ही तोंडांमध्ये मऊ कागद, बाहेरून प्लॅस्टिकची पिशवी आणि तिला सुतळीने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. चिठ्ठीवर बॉलपेनने पंपाचा नंबर, सील कोणत्या तारखेला स्टोअरमधून काढले ती तारीख आणि खाली एक ओळ : ‘रात्रपाळी, स्टोअर बंद’. मी त्यांना विचारले, ‘मामा, ही दोन वर्षांपूर्वीची सील अजून का ठेवली आहेत?’ ते म्हणाले, ‘मॅडम, रात्री अडीचला पंप गळायला लागला की चावी सिक्युरिटीकडे, सही शिफ्ट इंचार्जची आणि इंचार्ज दुसऱ्या प्लांटला. तुम्ही ते सोडवा, मी आजच कपाट रिकामं करतो.’

ही अट आम्ही अक्षरशः पाळली. ऑगस्टपासून रात्रपाळीसाठी वेगळी पद्धत सुरू केली. अत्यावश्यक ठरलेल्या काही डझन वस्तूंचा एक जाळीचा कप्पा स्टोअरच्या दाराशी केला, त्याची चावी शिफ्टमधल्या वरिष्ठ फिटरकडे दिली, आणि सही सकाळी दहापर्यंत केली तरी चालेल असे ठरवले. स्टोअर प्रमुखांचा याला विरोध होता आणि त्यांची शंका रास्त होती. तफावत आली तर उत्तर त्यांनाच द्यावे लागणार होते. कॅरो २०२० या, कंपन्यांच्या लेखापरीक्षण अहवालात काय असावे हे सांगणाऱ्या सरकारी आदेशानुसार साठ्याच्या एखाद्या वर्गात एकूण १० टक्के किंवा त्याहून अधिक तफावत आढळली, तर लेखापरीक्षकांना ती अहवालात नमूद करावी लागते, हे त्यांच्या डोक्यात होते. दर सोमवारी त्या कप्प्याची मोजणी करायची या तडजोडीवर ते तयार झाले. त्यानंतर कपाटे एकामागून एक रिकामी होऊ लागली, आणि साठा कमी करायला निघालेल्या आमच्या स्टोअरमध्ये ऑगस्टअखेर माल आधीपेक्षा वाढला. व्यवस्थापनाला याची पूर्वकल्पना देऊन ठेवा, म्हणजे पहिल्या तिमाही आढाव्यात कोणी दचकणार नाही.

सप्टेंबर दुबार कोड शोधण्यात गेला. उदाहरणासाठी ६३०८ हे बेअरिंग घेते. आतला व्यास ४० मिलिमीटर, बाहेरचा ९०, रुंदी २३; मोटर आणि पंपांमध्ये हे सर्रास लागते. आमच्याकडे ते ‘बॉल बेअरिंग ६३०८ झेडझेड’, ‘बेअरिंग ६३०८-२झेड’, ‘६३०८ शील्डेड’ आणि ‘मोटर बेअरिंग डीई साइड’ अशा निरनिराळ्या नावांनी, निरनिराळ्या कोडवर, प्रत्येकाच्या स्वतंत्र किमान साठ्यासह नांदत होते. दोन्ही बाजूंच्या धातूच्या शील्डला एक उत्पादक २झेड लिहितो, दुसरा झेडझेड लिहितो, वस्तू एकच. मात्र मागे सी३ लिहिलेले असेल तर त्यात अंतर्गत मोकळीक जास्त असते आणि तापणाऱ्या मोटरमध्ये ती जाणूनबुजून दिलेली असते, म्हणून सी३ आणि साधे यांचे कोड एकत्र करू नयेत. संगणकावर नावे जुळवून ही यादी होत नाही. आम्ही वस्तू टेबलावर मांडून, व्हर्निअरने मापून आणि कोरलेले अंक वाचून कोड एकत्र केले. व्ही-बेल्ट, ऑइल सील आणि कॉन्टॅक्टर यांचेही तसेच. केवळ या एकत्रीकरणाने शेकडो कोड बंद झाले आणि एक रुपयाचाही माल न विकता पुढच्या कितीतरी खरेद्या थांबल्या.

ऑक्टोबरमध्ये किती ठेवायचे हा प्रश्न घेतला. उत्पादन विभाग प्रत्येक वस्तू अत्यावश्यक आहे असे म्हणणार हे गृहीत धरूनच बैठका लावल्या होत्या. म्हणून ‘ही वस्तू महत्त्वाची आहे का’ हा प्रश्न विचारायचाच नाही असे ठरवले आणि त्याऐवजी तीन प्रश्न ठेवले : ही वस्तू नसेल तर नेमके काय थांबते, स्टँडबाय यंत्र आहे का, आणि वस्तू मिळायला खरोखर किती दिवस लागतात. तिसऱ्या प्रश्नाने बरीच हवा निघाली. प्रणालीत बहुतेक वस्तूंपुढे तीस दिवस लिहिलेले होते. पण प्रमाणित बेअरिंग, बेल्ट, ऑइल सील, ओ-रिंग हा माल मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवर दुकानात हजर असतो. तुर्भेहून लोकल धरून मशीदला उतरलेला आमचा माणूस दुपारच्या जेवणापर्यंत बेअरिंग घेऊन परत येतो. रविवारी आणि सणाच्या दिवशी दुकाने बंद असतात, तेवढ्यापुरता साठा हवा. नागदेवीला सहज मिळणाऱ्या वस्तूंची तीन महिन्यांची बेगमी स्टोअरमध्ये करून ठेवण्याला काही अर्थ नव्हता. ओळखीच्या, अधिकृत विक्रेत्याकडून बिलावरच घ्यावे, एवढी एकच काळजी. नकली बेअरिंगचा सुळसुळाट मोठा आहे.

ज्या वस्तू क्वचित लागतात आणि यायला वेळ लागतो, त्यांच्यासाठी पॉयसन वितरणाचा, म्हणजे क्वचित घडणाऱ्या घटनांची शक्यता काढणाऱ्या संख्याशास्त्रीय सूत्राचा, आधार घेतला. स्प्रेडशीटमध्ये त्याचे तयार सूत्र असते, त्यामुळे गणिताची धास्ती घेण्याचे कारण नाही. आमच्याकडे एकाच बनावटीचे चार पंप आहेत आणि त्यांचे सील प्रत्येकी सरासरी दोन वर्षांनी बदलावे लागते, म्हणजे चारही मिळून वर्षाला दोन. नवे सील यायला तीन महिने लागतात, म्हणून त्या तीन महिन्यांतली सरासरी मागणी ०.५ होते. एक सील वापरले की लगेच दुसरे मागवायचे या शिस्तीने दोन सील ठेवली, तर गरज पडेल त्या क्षणी एक तरी हाताशी असण्याची शक्यता साधारण ९१ टक्के, तीन ठेवली तर ९८.६ आणि चार ठेवली तर ९९.८ टक्के. कपाटांतली धरून आमच्याकडे यांची संख्या दहाच्या वर होती आणि एकेक सील तीस-चाळीस हजारांचे. हा तक्ता भिंतीवर दाखवल्यावर उत्पादन प्रमुखांनी तीनवर सही केली. मामांनी मात्र एक मुद्दा काढला, जो सूत्रात बसत नाही : फ्लशिंगची लाइन (सील थंड आणि स्वच्छ ठेवणारी नळी) चोंदली किंवा पंप कोरडे चालले, तर चारही सील एकाच आठवड्यात जातात. त्यांचे म्हणणे मान्य करून आकडा तीनच ठेवला, पण फ्लशिंग लाइनची तपासणी दर महिन्याच्या प्रतिबंधक देखभालीत घातली. साठ्याने भागवायचे की देखभालीने, हा निर्णय अशा ठिकाणी खरा होतो.

काही वस्तू दहा वर्षे न हलूनही ठेवायच्याच असतात. मोठ्या रिॲक्टरचा राखीव गिअरबॉक्स हे आमचे उदाहरण. तो मागवायला अनेक महिने लागतात आणि तोवर संपूर्ण विभाग बंद राहील. अशा वस्तू उत्पादनात वापरण्यासाठी ठेवलेल्या असतील आणि एका वर्षाहून अधिक काळ वापरायच्या असतील, तर लेखामानकांप्रमाणे त्या साठ्यात न धरता स्थावर मालमत्ता व यंत्रसामग्रीत धराव्या लागतात. आमच्या लेखा विभागाने निकष तपासून गिअरबॉक्ससह मोजक्या वस्तू तिकडे वर्ग केल्या. यामुळे साठ्याचा आकडा उतरला, पण त्याला आम्ही बचत म्हटले नाही आणि अहवालात वेगळी ओळ दिली. गिअरबॉक्सचा शाफ्ट अधूनमधून हाताने फिरवून नोंद करण्याचे काम मात्र तेव्हापासून वेळापत्रकात आले. वर्षानुवर्षे एकाच जागी स्थिर राहिलेले आणि शेजारच्या यंत्रांची कंपने सोसणारे बेअरिंग न वापरताच खराब होते.

वय झालेला माल हा स्वतंत्र विषय आहे आणि त्याकडे आमच्याकडे कोणीच लक्ष दिलेले नव्हते. आयएसओ २२३० या मानकानुसार योग्य साठवणीत नायट्राइल रबराचे आयुष्य सुरुवातीला ७ वर्षे धरतात आणि तपासणीनंतर ते आणखी ३ वर्षे वाढवता येते. व्हिटॉन, ईपीडीएम, सिलिकॉन या रबरांना १० अधिक ५ वर्षे मिळतात. आमच्या खिडकीजवळच्या रॅकवर ऊन खात पडलेल्या ओ-रिंगना हा हिशेब लावण्याचीसुद्धा गरज नव्हती. बोटाने ताणल्या की तडा दिसत होता. जुन्या व्हीएफडींच्या (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हच्या) कपॅसिटरचीही तीच गत. दीर्घकाळ वीज न मिळालेली ड्राइव्ह थेट पूर्ण विद्युतदाबावर जोडू नये, उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे हळूहळू विद्युतदाब वाढवून कपॅसिटर पूर्ववत करून घ्यावेत. हे सगळे वगळल्यावर, जो साठा आम्ही ‘सुरक्षा’ म्हणून सांभाळत होतो त्यातला बराचसा ऐन वेळी उपयोगी पडलाच नसता, हे बैठकीत सगळ्यांच्या लक्षात आले. त्यानंतर विल्हेवाटीला होणारा विरोध बराच मावळला.

नोव्हेंबर २०२४ ते मार्च २०२५ हा काळ विल्हेवाटीचा, आणि कागदपत्रांच्या दृष्टीने सर्वांत जड. आधी पुरवठादारांना पत्रे पाठवली. बहुतेकांनी उत्तर दिले नाही. एका पंप उत्पादकाच्या विक्रेत्याने न उघडलेले, दोन वर्षांच्या आतले काही भाग क्रेडिट नोटवर परत घेतले, तेही चौथाई किंमत कापून. नागदेवीच्या व्यापाऱ्यांना यादी दिली तेव्हा त्यांनी फक्त मूळ खोक्यातला, नावाजलेल्या ब्रँडचा माल मागितला आणि खरेदी किमतीच्या एक-तृतीयांशाच्या आसपास भाव सांगितला. भाव ऐकून आमच्या लेखा विभागाचा चेहरा पडला, पण भंगारात वजनावर जे मिळते त्यापेक्षा तो कितीतरी बरा होता.

आमच्याच समूहाच्या दुसऱ्या कारखान्यांना लागणारा माल तिकडे पाठवला. एकाच राज्यात, एकाच जीएसटी क्रमांकाखालच्या जागेला माल डिलिव्हरी चलनावर जातो; दुसऱ्या राज्यातल्या आपल्याच कारखान्याला पाठवताना मात्र कायद्याच्या नजरेत ती वेगळी व्यक्ती असते, त्यामुळे कर लावून बीजक करावे लागते. महाराष्ट्रांतर्गत ई-वे बिलाची (मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायच्या कागदाची) मर्यादा १ लाख रुपये आहे आणि राज्याबाहेर ५० हजार. वापीला पाठवलेली पहिली गाडी केवळ या फरकामुळे गेटवर अर्धा दिवस उभी राहिली.

उरलेल्यासाठी विल्हेवाट समिती नेमावी लागली : देखभाल, स्टोअर, लेखा, खरेदी आणि सुरक्षा असे पाच सदस्य. प्रत्येक वस्तूपुढे ‘का नको’ याचे एका ओळीत कारण, वापरणाऱ्या विभागाची ना-हरकत, पुस्तकी किंमत आणि अपेक्षित किंमत अशी यादी केली. कंपनीच्या अधिकारमर्यादेप्रमाणे एका आकड्यापर्यंत कारखाना प्रमुख मंजुरी देऊ शकत होते आणि त्यापुढचे संचालक मंडळाकडे. आमची यादी त्यापुढे गेली आणि मंडळाच्या तिमाही बैठकीची वाट बघण्यात डिसेंबर आणि जवळजवळ सगळा जानेवारी गेला. काम सुरू करतानाच बैठकीच्या तारखा विचारून घ्या, नाहीतर तयार फाईल टेबलावर धूळ खात पडते.

कराचे तीन मुद्दे इथे नोंदवते. आपापल्या सनदी लेखापालांचा सल्ला घ्यावाच. एक, केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे निर्लेखित केलेल्या (हिशेबाच्या पुस्तकांतून काढून टाकलेल्या) किंवा नष्ट केलेल्या मालावर आधी घेतलेला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, परत करावा लागतो. म्हणून ‘लिहून टाका’ हा सल्ला वाटतो तितका फुकटचा नसतो. माल विकला तर विक्रीवर कर लागतो आणि हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटतो. जुन्या बीजकांवरून क्रेडिटचा आकडा शोधायला लेखा विभागाला काही आठवडे लागले. दोन, भंगार विक्रीवर त्या आर्थिक वर्षात आयकर कायदा १९६१ च्या कलम २०६सी खाली १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने खरेदीदाराकडून घ्यायचा कर) गोळा करायचा होता, पण कायद्यातली भंगाराची व्याख्या तुटलेल्या, झिजलेल्या, मूळ कामासाठी निश्चितपणे निरुपयोगी झालेल्या मालाची आहे. चांगले न वापरलेले बेअरिंग त्यात बसत नाही, म्हणून वापरण्याजोगा माल आणि भंगार यांचे लॉट व बीजके वेगळी केली. तीन, १० ऑक्टोबर २०२४ पासून धातूच्या भंगारावर नोंदणीकृत खरेदीदाराने २ टक्के जीएसटी टीडीएस (विक्रेत्याला पैसे देतानाच कापायचा कर) कापण्याचा नियम आला. अडीच लाखांवरच्या कराराला तो लागू होतो आणि त्यासाठी खरेदीदाराची स्वतंत्र नोंदणी लागते. आमच्याकडे आलेल्या भंगारवाल्यांपैकी काहींना हा नियम ठाऊकच नव्हता, आणि सर्वाधिक बोली लावणाऱ्याची ती नोंदणी होईपर्यंत माल उचलता आला नाही.

लिलावापूर्वी माल निकामी करण्याचे काम आम्ही स्वतः उभे राहून करून घेतले. नावाजलेल्या ब्रँडचे गंजलेले बेअरिंग अखंड विकले, तर ते घासूनपुसून नव्या खोक्यात पुन्हा बाजारात येण्याची दाट शक्यता असते. म्हणून गॅस कटरने रिंगा तोडल्या. तोडण्याआधी व्हिटॉनच्या ओ-रिंग आणि टेफ्लॉनचे भाग काढून घेणे अत्यावश्यक आहे, कारण फ्लोरिनयुक्त पदार्थ ज्योतीत तापले की विषारी वायू सुटतात. ॲस्बेस्टॉस असलेल्या जुन्या गॅस्केट शीट, कालबाह्य ग्रीस आणि केमिकल भंगाराच्या लॉटमध्ये घालू नयेत. ते घातक कचऱ्याच्या वाटेनेच जायला हवे. इलेक्ट्रॉनिक कार्ड आणि मृत ड्राइव्ह ई-कचरा नियम २०२२ प्रमाणे नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराला दिल्या, लेड-ॲसिड बॅटऱ्या वेगळ्या, आणि सगळ्यांची प्रमाणपत्रे पर्यावरण विभागाच्या फाईलला लावली. या कामाला मजुरी, गॅस, हायड्रा क्रेन आणि वजनकाट्याचे मिळून पाऊण लाखाच्या घरात खर्च आला, जो मूळ प्रस्तावात कोणी धरलाच नव्हता.

मार्च २०२५ च्या ताळेबंदात साठा एक कोटी नव्वद लाखांच्या आसपास आला. यातली घट तीन-चार वाटांनी झाली होती आणि प्रत्यक्ष रोख हाती आली ती जेमतेम बारा-तेरा लाख. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण व्यवस्थापनाला सहसा पंच्याऐंशी लाख परत येतील असे वाटते. जो पैसा गेला तो खरेदीच्या दिवशीच गेलेला असतो. फायदा दिसला तो पुढच्या वर्षीच्या खरेदीत : एप्रिल ते सप्टेंबर २०२५ या सहामाहीत स्पेअरवरचा खर्च आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने कमी राहिला. या काळात विकून टाकलेली एक वस्तू लागलीसुद्धा, एका जुन्या डोझिंग पंपाचा डायफ्राम. नवा आठ-नऊ हजारांना मिळाला, यायला चार दिवस लागले, स्टँडबाय पंप चालू होता. उत्पादन विभागाने बैठकीत हा विषय काढलाच. असे एखाद-दुसरे प्रकरण होणार हे मंजुरीच्या टिपणातच लिहिलेले असल्यामुळे चर्चा तिथेच संपली. ती ओळ आपल्याही टिपणात जरूर घाला.

साठा पुन्हा वाढू नये म्हणून थोडेच नियम केले. नवा कोड उघडण्यापूर्वी कोरलेला मूळ नंबर आणि माप द्यावे लागते. नवीन यंत्राबरोबरची स्पेअर यादी देखभाल विभाग तपासतो आणि प्रत्येक वस्तूचा पुरवठा कालावधी पुरवठादाराकडून लेखी घेतो. शटडाऊन संपल्यावर आठ दिवसांत उरलेला माल परत येतो. यंत्र मोडीत काढण्याच्या अर्जाला त्याच्या स्पेअरची यादी जोडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. यातला शटडाऊनचा नियम सर्वांत कमी पाळला जातो, आणि कंत्राटदारांकडून माल परत मिळवताना आजही वाद होतात.

सुमारे दोनशे कोडवरचा निर्णय अद्याप बाकी आहे. त्यात सर्वाधिक किमतीची आहेत ती सीमेन्सच्या एस७-३०० पीएलसीची, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रक संगणकाची, कार्डे. या मालिकेचे उत्पादन ऑक्टोबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने थांबवण्यात आले आहे, आणि आमचे दोन रिॲक्टर अजून तिच्यावरच चालतात. वर्गीकरणात ही कार्डे न हललेला माल म्हणून लाल रंगात दिसतात, इन्स्ट्रुमेंटेशन विभाग मात्र आणखी कार्डे घ्या म्हणतो. पॅनेल बदलण्याचा प्रस्ताव पुढच्या वर्षीच्या भांडवली अंदाजपत्रकात टाकला आहे. तो मंजूर झाला तर एका रिॲक्टरचे पॅनेल आधी बदलून त्यातून निघालेली कार्डे दुसऱ्यासाठी राखीव ठेवायची आणि नवी खरेदी टाळायची, एवढे ठरले आहे. नामंजूर झाला तर आणखी दोन सीपीयू कार्डांचा इंडेंट मलाच लिहावा लागेल.